कात्रीचा दहावा शब्द

कारखान्यात त्याला सगळे फ्यूज म्हणायचे. हजेरीच्या यादीत त्याचं काहीतरी वेगळं नाव होतं, पण त्या नावाने हाक मारली असती तर त्याने स्वतःही मागे वळून पाहिलं नसतं. कामाला लागला तेव्हा इलेक्ट्रिशियनचा मदतनीस होता. पहिली तीन वर्षं फ्यूज बदलण्यापलीकडे त्याला कुणी काही करू दिलं नाही, तेव्हा ते नाव चिकटलं ते चिकटलंच. उंच, जरा वाकून चालणारा, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. माणूस गुणी. खोड एकच. कुणी काही मागितलं की नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. आता तुम्ही म्हणाल, ही काय खोड झाली, हा तर चांगुलपणा. मलाही आधी तसंच वाटायचं.

कारखाना खोक्यांचा. औषधांची खोकी, दिव्यांची खोकी, चपला-बुटांची खोकी. त्यात कापायची तीन मशिनं होती. मशीन म्हणजे डबलबेडएवढं सपाट टेबल. त्यावर पुठ्ठ्याचा ताव पसरायचा आणि वरून एक डोकं इकडून तिकडे फिरायचं. डोक्यात एक पातं आणि एक चाक. पातं कापतं, चाक दाबून घडीची रेघ पाडतं. एवढंच काम, पण ते त्या डोक्याला सांगायचं कसं? आकड्यांनी. नुसते आकडे, पानंच्या पानं, आणि ते समजून घ्यायला तीनशे पानांचं पुस्तक. सगळ्या कारखान्यात ते पुस्तक एकट्याला कळायचं, त्याला म्हणायचे आकडेवाला. आकडेवाल्याला ताप आला की तिन्ही मशिनं बंद आणि बाकीचे लोक चकाट्या पिटत बसलेले.

अशात फ्यूजचा थोरला भाऊ अचानक गेला आणि वहिनींना घराबाहेर पडून काम धरावं लागलं. फ्यूजनेच शब्द टाकला आणि त्यांना चिकटवणीच्या टेबलावर घेतलं. कापून आलेला पुठ्ठा दुमडायचा, गोंद लावायचा, खोकं उभं करून पुढे सरकवायचं. दिवसभर उभ्याने. फ्यूज त्यांना वहिनी म्हणायचा म्हणून हळूहळू सगळा कारखाना वहिनी म्हणायला लागला. वयाने मोठे सुपरवायझरसुद्धा.

चार वर्षं वहिनींच्या हाताखालून इतकी खोकी गेली की पुठ्ठा सपाट असतानाच त्यांना खोकं दिसायला लागलं. एकदा नवा माल आला. वहिनींनी पहिला ताव हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "याचं झाकण बसायचं नाही." आकडेवाला हसला. खोकं उभं केलं. झाकण बसलं नाही. आकडेवाल्याचं तोंड एवढंसं झालं, आणि शिडीवर चढून ट्यूब बदलत असलेल्या फ्यूजने हे सगळं वरून पाहिलं.

त्याच्या मनाने घेतलं की या बाईने मशिनावर असायला हवं. त्याने त्यांना ते तीनशे पानांचं पुस्तक आणून दिलं. वहिनींनी चार पानं उलटली आणि मिटवलं. "भाऊजी, हे आकडे माझ्या डोक्यात शिरायचे नाहीत. बोलून सांगायचं असेल तर सांगते. इथे काप, इथे दाब, इथून वळ. एवढं त्याला कळत असेल तर बघा."

झालं. स्टोअरमध्ये धूळ खात पडलेला एक कॉम्प्युटर होता, तो फ्यूजने पुसून चालू केला. प्रोग्रामिंगचा त्याला गंध नव्हता. एक जुनं पुस्तक मिळवलं, जेवणाच्या सुट्टीत वाचायचा, रविवारी येऊन करून बघायचा. सात महिने लागले. सात महिन्यांनी कॉम्प्युटरला साधे नऊ शब्द कळायला लागले आणि तो त्यांचे आपसूक आकडे करून मशिनाला द्यायला लागला. जा, काप, दाब, वळ, गोल, पुन्हा, थांब, घर, संपलं. घर म्हणजे मशिनाच्या डोक्याने आपल्या कोपऱ्यात परत जायचं. बाकीचं सांगायला नको. या भाषेला त्याने नाव दिलं कात्री. नऊच्या नऊ शब्द एका कागदावर लिहून तो कागद त्याने दोन नंबरच्या मशिनाला जोडलेल्या विजेच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवला.

वहिनी त्या मशिनावर गेल्या आणि जागच्या हलल्याच नाहीत. त्यांची पद्धत ठरलेली. आधी वहीत पेन्सिलीने प्रोग्राम लिहायचा. मग पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्यायचा आणि लिहिलेलं हळू आवाजात वाचत वाचत तो दुमडत जायचं. दाब म्हटलं की दुमड, वळ म्हटलं की तुकडा फिरव. शेवटी हातात छोटं खोकं उभं राहिलं तरच प्रोग्राम मशिनात घालायचा. नाही राहिलं तर खोडरबर. नव्या बायका कामाला यायच्या तेव्हा सुपरवायझर त्यांना वहिनींजवळ उभं करायचा, आणि आठवडाभरात त्या लिहायला लागायच्या. आकडेवाल्याने वर्षभरात दुसरीकडे नोकरी धरली. त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

इथवर सगळं छान होतं. इथेच फ्यूजने हात झटकून परत शिडीवर चढायचं होतं. पण कारखान्याने त्याला टेबल दिलं, खुर्ची दिली, आणि खुर्ची मिळाली की माणसं येतातच.

दहावा शब्द मात्र वहिनींसाठी होता. त्या एकदा सहज म्हणाल्या, "लिहून लिहून बोटं दुखतात हो." फ्यूजने ते लगेच मनावर घेतलं. त्याने विचार केला, औषधाच्या खोक्याला गोल कोपरे असतात, प्रत्येक कोपऱ्याला तीन ओळी लागतात, चार कोपऱ्यांच्या बारा. त्याने रविवार घातला आणि नवा शब्द केला: कोपरा. एका शब्दात कोपरा तयार. सोमवारी वहिनींना दाखवला. वहिनी म्हणाल्या, "बरं." दाराच्या कागदावर खालच्या बाजूला जागा होती, तिथे त्याने तो लिहिला. पुढे कुणीही विचारलं की भाषा वाढवायला सुरुवात कशी झाली, तर तो सांगायचा, "वहिनींनी मागितलं म्हणून."

मग बुटांच्या खोक्यावाला आला. तीन नंबरच्या मशिनावरचा. त्याचं म्हणणं, खोक्याची डावी बाजू उजवीसारखीच असते, मग दोनदा का लिहायचं? अगदी बरोबर होतं त्याचं. फ्यूजने त्याला आरसा दिला. अर्धं लिहा, खाली आरसा लिहा, उरलेलं मशीन करेल. महिन्याभराने तो परत आला, आरसा फक्त उभाच चालतो, आडवाही हवा. तेही बरोबर. मग आडवा-आरसा. मग एकाला आकडे लक्षात ठेवणारा शब्द हवा होता, म्हणून साठव. मग एकाला हवं होतं की पुठ्ठा जाड असेल तर दोनदा काप, म्हणून जर. जर आला की नाहीतर आलाच, तो काय मागे राहतो? एकेक मागणी घेऊन बसा, एकही चुकीची नव्हती. मीच तिथे बसलो असतो तर मीही हो म्हटलं असतं.

आणि हो म्हटल्यावर फ्यूजला काय मिळायचं? चहा मिळायचा. पाठीवर थाप मिळायची. "तुमच्यासारखा माणूस नाही," असं मिळायचं. ज्या माणसाला तीन वर्षं फ्यूज बदलण्यापलीकडे कुणी विचारलं नव्हतं, त्याच्या टेबलासमोर आता दोन-दोन जण उभे असायचे. बायको घरी म्हणायची, "तुमच्या त्या फाईलला आपल्या पोरीपेक्षा लवकर कपडे तोकडे व्हायला लागलेत." तो हसण्यावारी न्यायचा.

काढून टाकणं तर दूरच. एकदा त्याने हळू नावाचा शब्द काढला, कुणी वापरत नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी दोन वर्षांपूर्वीचा एक प्रोग्राम मध्येच अडला आणि दिव्यांच्या खोक्यांचा ढीग अर्धवट कापून पडला. स्टोअरवाला आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. फ्यूजने हळू परत घातला. पण तोवर त्याने हळूच्या जागी सावकाश केलेला होता, तोही कुणीतरी वापरायला लागलं होतं. म्हणजे हळूही राहिला आणि सावकाशही राहिला. दोघांत फरक काय, ते फ्यूजला विचारलं तर तो जरा वेळ छताकडे बघायचा.

पुढे तर विचारू नका. सुपरवायझरच्या हट्टापायी वाढदिवस नावाचा शब्द झाला, तो लिहिला की ऑपरेटरच्या वाढदिवसाला पडद्यावर फुलं यायची. पुठ्ठा कापायच्या भाषेत फुलं. वरच्या मजल्यावर डिझाइनवाली आली, हुशार, चटपटीत पोरगी, कॉम्प्युटर शिकलेली. तिने स्वतःचे शब्द स्वतः बनवायची सोय मागितली, आणि मिळवली. मग जो तो आपापले शब्द बनवायला लागला. दारावरचा कागद कधीच पुरेनासा झाला होता. त्याचा तक्ता झाला, तक्त्याची वही झाली, वहीची फाईल झाली. चौदा वर्षांत फाईल दोनशे बारा पानांची आणि शब्द एकशे सत्त्याऐंशी.

वहिनींच्या मशिनाच्या दारावर मात्र तो पहिलाच कागद होता, पिवळा पडलेला.

आता यात बिघडलं कुठे? बिघडलं ते असं. प्रत्येकाने आपल्याला हवे ते वीस-पंचवीस शब्द उचलले होते आणि प्रत्येकाचे वेगळे. बुटांच्या खोक्यावाला पंधरा दिवस गावाला गेला, तर त्याचे प्रोग्राम वाचून दुरुस्त करणारा एक माणूस सापडेना. तीन नंबरचं मशीन पंधरा दिवस बंद. आकडेवाल्याच्या तापाचे दिवस परत आले, फक्त आता एकाच्या जागी पाच आकडेवाले झाले होते.

त्याच सुमाराला नवे मॅनेजर आले. तिरसट नव्हते, शांतपणे बोलायचे, पण एकदा बोलले की संपलं. शेजारी नवा हॉल बांधून होत होता, तिथे सहा नवी मशिनं येणार होती, आणि जुनी तीन मोडीत निघणार होती. मॅनेजर म्हणाले, नव्या हॉलमध्ये कुणाचाही प्रोग्राम कुणालाही वाचता आला पाहिजे. तेव्हा कात्रीची परीक्षा घेऊ. शंभर मार्कांची. साठ मिळवेल तो मशिनावर, बाकीचे चिकटवणीला.

"पेपर तुम्हीच काढा," ते फ्यूजला म्हणाले. "भाषा तुमची आहे."

फ्यूजची छाती दोन इंच फुगली. तीन रविवार तो पेपर काढत बसला. एकाही शब्दावर अन्याय नको म्हणून शोधून शोधून सगळे घातले, हळू घातला, सावकाश घातला, वाढदिवससुद्धा दोन मार्कांना घातला. वहिनी या परीक्षेला बसणार आहेत हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण वहिनी नापास होतील हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. वहिनींना कात्री येत नाही म्हणजे काय? कात्री वहिनींचीच तर होती. सांगायचं तर मला त्याचा इथे राग येतो, पण काय करता, होतं असं माणसाचं.

परीक्षा कँटीनमध्ये झाली. वहिनी चष्मा लावून, वही-पेन्सिल घेऊन शेवटच्या टेबलावर बसल्या. वय बावन्न. शाळा सुटल्यावर पहिलीच परीक्षा. दोन तास त्यांनी मान वर केली नाही.

पेपर तपासायला फ्यूजनेच घरी आणले. वहिनींचा पेपर उघडला. प्रश्न होता, आरसा आणि साठव वापरून बाटलीच्या खोक्याचा प्रोग्राम लिहा. वहिनींनी एक्केचाळीस ओळी लिहिल्या होत्या, नऊ शब्दांत. पुढचा प्रश्न, जर-नाहीतर वापरून. नऊ शब्दांत. वाढदिवसाच्या प्रश्नाला त्यांनी लिहिलं होतं, "याचं खोकं होत नाही." खोक्यांचे प्रश्न बारा होते, बाराही वहिनींनी सोडवले होते, आणि मागितलेला शब्द एकाही उत्तरात नव्हता.

त्याने पुठ्ठ्याचे तुकडे घेतले आणि वहिनींसारखंच वाचत वाचत एकेक उत्तर दुमडून पाहिलं. बाराच्या बारा खोकी उभी राहिली. बुडाची खाचसुद्धा बरोबर बसली. पण उत्तरपत्रिकेप्रमाणे, जी त्यानेच केली होती, त्या बाराला शून्य. छोट्या प्रश्नांचे मिळून चौतीस झाले. तो बराच वेळ लाल पेन हातात धरून बसला आणि शेवटी त्याने चौतीसच लिहिले. साठ करता आले असते. पण मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं?

सोमवारी यादी लागली. वहिनींनी यादी वाचली, डब्याची पिशवी उचलली आणि चिकटवणीच्या टेबलावर जाऊन उभ्या राहिल्या. अठरा वर्षांपूर्वी जिथे उभ्या होत्या तीच जागा. जुनी मशिनं मोडीत जायला अजून दोन आठवडे होते, पण मॅनेजरांनी दोन नंबरवर पास झालेली एक नवी बाई बसवली होती.

डिझाइनवालीला एक्क्याण्णव होते आणि तिचं भांडण त्या न मिळालेल्या नऊ मार्कांवरून होतं. ती पेपर घेऊन फ्यूजच्या टेबलाशी आली. प्रश्न असा होता की चार वेळा करायला सांगणाऱ्या पुन्हाच्या आत साठव आणि बाहेर आरसा असेल तर मशीन किती फटी कापेल. फ्यूजच्या उत्तरात आठ होत्या. ती म्हणाली, सहा. तो म्हणाला, आठ, भाषा मी केलीये. ती म्हणाली, मग कापून बघू. दोघं मशिनाशी गेले. मागोमाग सगळा हॉल गेला, मॅनेजरही आले.

मशिनाने सात फटी कापल्या.

फ्यूजने परत कापायला लावलं. परत सात. तो कॉम्प्युटरपुढे बसला आणि दोन तास आपलाच प्रोग्राम वाचत राहिला. शेवटी सापडलं. सहा वर्षांपूर्वी बुटांच्या खोक्यावाल्यासाठी त्याने एक दुरुस्ती केली होती, आणि चार वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणासाठी दुसरी. दुसरीने पहिलीची अर्धी वाट लावली होती. चार वर्षं ते तसंच चाललं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

"तुम्हीच बसा बरं एकदा परीक्षेला," मॅनेजर म्हणाले. म्हणाले ते थट्टेने, पण डिझाइनवालीने ते मनावर घेतलं. तिने त्याच्याच फाईलमधून नवा पेपर काढला. फ्यूज कँटीनमध्ये शेवटच्या टेबलावर बसला. बावन्न मार्क मिळाले. लोक हसले, तोही हसला. मग जेवणाचा डबा न उघडताच घरी घेऊन गेला.

घरी वहिनी माडीवर राहायच्या, हा खाली. संध्याकाळी तो वर गेला. त्या खिडकीशी भाजी निवडत बसल्या होत्या, पाय स्टुलावर ठेवून. घोटे सुजलेले होते. दिवसभर उभं राहायची सवय कधीच मोडली होती.

"मीही नापास झालो," तो म्हणाला.

"कळलं मला. बसा."

तो बसला. "वहिनी, तुम्ही बाकीचे शब्द कधी शिकला नाहीत. मी फाईल दिली होती तुम्हाला."

"उघडली होती की. दोनदा बसले घेऊन." त्यांनी एक देठ मोडलं. "भाऊजी, मी प्रोग्राम वाचते तो हाताने वाचते. तुमच्या फाईलमधलं मला दुमडता येत नाही. जर असेल तर असं, नसेल तर तसं. म्हणजे मी हात कुठे ठेवायचा?"

"पण कोपरा तर दुमडता येतो. तो तर तुम्हीच मागितलात."

वहिनी थांबल्या. "मी कधी मागितला?"

"बोटं दुखतात म्हणालात. ओळी फार होतात म्हणून."

"ओळींचं कोण बोललं? ऑफिसातून पेन्सिली यायच्या त्या दगडासारख्या. दाबून दाबून लिहावं लागायचं. मला मऊ पेन्सिल हवी होती."

फ्यूजने भाजीची एक काडी उचलून देठ मोडायला घेतलं.

"मग तुम्ही तो शब्द घेऊन आलात, एवढा रविवार घालवून," वहिनी म्हणाल्या. "नको कसं म्हणू? तुम्हाला वाईट वाटलं असतं. कागदावर लिहिलात, लिहू दिला. वापरला मात्र कधी नाही. तो कोपरा कुठून कापायला लागतो तेच मला कळायचं नाही."

"आणि पेन्सिल?"

"ती अजून तशीच येते."

चौदा वर्षं तो लोकांना सांगत आला होता, वहिनींनी मागितलं म्हणून. त्याला इतकी लाज वाटली की खाली उतरताना जिन्यात दिवा लावायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आधी आपल्या टेबलाशी गेला. चौदा वर्षांचे सगळे प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये होते, चार हजारांच्या वर. त्यात कोपरा शोधला. एका प्रोग्राममध्ये सापडला. तो त्याने स्वतः नमुना म्हणून लिहिलेला होता. मग बाकीचे शब्द शोधले. निम्म्याहून जास्त शब्द असे निघाले की ज्याने मागितले त्यानेच दोनदा-तीनदा वापरले आणि सोडून दिले.

त्याने वहिनींचा पेपर आणि त्या उत्तरांतून दुमडलेली बारा खोकी एका मोठ्या खोक्यात भरली आणि मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेला. खोकी टेबलावर मांडली. "ही नापास झालेल्या बाईंची उत्तरं आहेत," तो म्हणाला. "नऊ शब्दांत. नव्या हॉलमध्ये मशिनांना एवढेच नऊ द्यायचे. बाकीचं जुन्या मशिनांबरोबर जाऊ दे. जुने प्रोग्राम लागतील तसे नऊ शब्दांत लिहून घेऊ."

मॅनेजरांनी एक खोकं उचललं, बुडाशी अंगठ्याने दाबलं. खाच सुटली नाही. दुसरं दाबलं. मग त्यांनी डिझाइनवालीला बोलावलं.

ती ऐकून भडकलीच. "म्हणजे चौदा वर्षं मागे जायचं? माझं काम बारा ओळींत होतं ते चाळीस ओळींत करू? जोडे ठेवायच्या खोक्याच्या दोन्ही बाजू हाताने दोनदा लिहू? आरसा तरी ठेवा."

तिचं चुकत नव्हतं. फ्यूजच्या तोंडाशी हो आलं होतं. सवयच ती. इतक्या वर्षांत त्याला हेच तर करायचं माहीत होतं. मॅनेजर त्याच्याकडे बघत होते, ती बघत होती, आणि आपण आता हो म्हटलं तर उद्या सकाळी टेबलासमोर कोण कोण उभं असेल ते त्याला स्पष्ट दिसत होतं. वहिनी चिकटवणीलाच राहतील हेही दिसत होतं.

"नाही," तो म्हणाला. "मी ठरवणार नाही. वहिनींना विचारा."

वहिनी हाताचा गोंद पुसत आल्या. डिझाइनवालीने त्यांना आरसा समजावून सांगितला, नीट, न चिडता. वहिनींनी टेबलावरचा एक कोरा कागद घेतला. अर्धा दुमडला, एका बाजूला नखाने खाच पाडली, उघडला. दोन्हीकडे खाच होती.

"हा राहू द्या," त्या म्हणाल्या. "हा दुमडता येतो. मला कुणी असा दाखवलाच नव्हता. आडवा काढा. कागद फिरवला की झालं."

"आणि कोपरा?" मॅनेजरांनी यादी बघत विचारलं.

वहिनींनी फ्यूजकडे पाहिलं. "तो काढा," फ्यूजच म्हणाला.

आठवड्याभरात नवी परीक्षा झाली. पेपर नाही, प्रत्येकाने दुसऱ्याचा प्रोग्राम वाचायचा आणि पुठ्ठा दुमडून खोकं उभं करून दाखवायचं. बुटांच्या खोक्यावाला दोनदा अडखळला, तिसऱ्यांदा जमलं. वहिनींना नऊ मिनिटं लागली. नव्या हॉलमध्ये पहिलं मशीन त्यांना मिळालं. दाराच्या आत नवा कागद लागला, दहा शब्दांचा, आणि दहावा होता आरसा.

सगळे खूश झाले असं समजू नका. सुपरवायझर वाढदिवसाची फुलं गेली म्हणून महिनाभर फुरंगटून होता. डिझाइनवाली फ्यूजशी कामापुरतं बोलायची. आणि फ्यूजच्या टेबलासमोर कुणी उभं राहीनासं झालं. सुरुवातीला एक-दोघं आले नवा शब्द मागायला. त्याने त्यांना विचारलं, "आधी सांगा, दुखतंय काय?" एकाला खुर्ची उंच हवी होती. दुसऱ्याच्या मशिनावरची ट्यूब गेली होती. ती त्याने शिडीवर चढून बदलली. मग तेही यायचे थांबले. चहा आपला आपण आणून प्यायचा. वाईट वाटायचं त्याला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं लोक आपल्यासाठी येतात असं त्याला वाटत होतं.

एका दुपारी तो काहीतरी निमित्त काढून वहिनींच्या मशिनापाशी गेला. खिशात टेस्टरशेजारी मऊ पेन्सिलींचं पाकीट होतं. ते त्याने त्यांच्या वहीवर ठेवलं. वहिनींनी एक काढली, वहीच्या कडेला रेघ ओढून बघितली. काळीभोर, जोर न लावता. त्यांनी पुढच्या दोन ओळी लिहिल्या, मग आणखी चार.

"बरी आहे?" त्याने विचारलं.

"छान आहे. पण टोक लगेच झिजतं हिचं." त्यांनी पेन्सिल त्याच्यापुढे धरली. "जरा टोक काढून द्या, भाऊजी. आणि दुपारच्या चहानंतर परत एकदा या."